शब्दचर्चा: लूथरन 'मंडळी' की 'चर्च'?

मोरपंखी: तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या (म्हणजे ट्रांकेबार, पूर्वीची डॅनिश वसाहत) लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांवर लिहितेय. 'काँग्रिगेशन'ला, म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या लोकांना, काय म्हणू? 'धर्मसभा' जड होतंय, 'समुदाय' सरकारी वाटतोय.

ताकभात: सरळ 'मंडळी' लिही. मराठी ख्रिस्ती घरांत हाच शब्द आहे. 'आमच्या मंडळीत नवीन पाळक आलेत' असं सर्रास ऐकू येतं. पाळक म्हणजे पास्टर.

खडूस_आजोबा: आमच्या पिढीत 'मंडळी माहेरी गेलीय' म्हणजे बायको गेली! वाचक गोंधळतील हो.

ताकभात: :) आजोबा, अनेकवचन बघा. 'जेवायला किती मंडळी?' इथे रूप बदलत नाही. बायबलच्या मराठीत मात्र 'सात मंडळ्या' असतात.

मोरपंखी: हे आवडलं. झिगेनबाल्ग आणि प्लुचाऊ हे जर्मन मिशनरी डेन्मार्कच्या राजाने पाठवले, १७०६ मध्ये उतरले. पुढच्याच वर्षी पहिले बाप्तिस्मे झाले. आजचं न्यू जेरुसलेम चर्च मात्र १७१८ चं. झिगेनबाल्गची कबर त्यातच आहे. म्हणजे मंडळी इमारतीहून अकरा वर्षांनी थोरली. दोन्हींना 'चर्च' म्हटलं तर हे सांगायचं कसं? शिवाय त्याच गावात डॅनिश लोकांचं झायन चर्च १७०१ पासून होतंच. गाव एक, मंडळ्या दोन.

कावेरीकाठ: तंजावरकर म्हणून नाक खुपसतो. त्या काळी डॅनिश लोक तरंगंबाडीचा खंड तंजावरच्या भोसल्यांना भरत. पुढे त्याच मिशनचा श्वार्ट्झ तंजावरात आला, सरफोजीराजांचा पालकच झाला. तो १७९८ मध्ये वारल्यावर राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं: श्वार्ट्झ अंथरुणावर, आणि राजे त्याचा हात धरून उभे. तंजावरच्या चर्चमध्ये आहे, जरूर बघा.
शब्दाचं म्हणाल तर तमिळ लोक 'सबै' म्हणतात, आपली 'सभा'च. 'तिरु' (पवित्र) लावलं की 'तिरुच्चबै'.

मोरपंखी: आणि १९१९ ला स्थापन झालेलं 'तमिळ इव्हँजेलिकल लूथरन चर्च'? तिथे 'चर्च' ना इमारत, ना एक मंडळी.

ताकभात: तिथे 'चर्चसंस्था'. तिच्या बिशपांना आजही 'तरंगंबाडीचे बिशप' म्हणतात, बसतात मात्र तिरुचिरापल्लीला.

मोरपंखी: शेवटचं. १७३३ मध्ये आरोन हा पहिला भारतीय लूथरन पाळक झाला. त्याला 'दीक्षा' दिली की 'अभिषेक' केला?

खडूस_आजोबा: दीक्षाच लिही बाई. अभिषेक म्हटलं की मला पिंड आणि गडवा दिसतो.