मदत हवी आहे: डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर ४६ फुटी कॅटॅमरानला (दोन सांगाड्यांच्या बोटीला) उन्हाळ्यात जागा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

शिडाच्या बोटींवर बोलणारी चार माणसं इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारते.

मी, नवरा, दीर आणि जाऊ अशी चौघांत मिळून एक वापरलेली लगून ४६ (कॅटॅमरानचं मॉडेल) घेतली आहे. लांबी १४ मीटर, रुंदी जवळपास ८ मीटर, पाण्याखाली १.३५ मीटर, डोलकाठीचं टोक पाण्यापासून २२ मीटरच्या वर. नोंदणी युरोपीय संघातल्याच देशाची, व्हॅट भरलेला, कागद बोटीवर आहेत. सध्या बोट ग्रीसमध्ये आयोनियन समुद्राच्या बाजूला, प्रेवेझाला जमिनीवर उभी आहे. जूनच्या सुरुवातीपासून सप्टेंबर अखेरपर्यंत क्रोएशियाचा झादर ते दुब्रोव्हनिक हा पट्टा फिरायचा बेत आहे. तिकडे आमच्यापैकी कोणीच कधी बोट नेलेली नाही.

अडचण जागेची आहे. आम्ही सलग चार महिने बोटीवर नसणार. कधी आम्ही दोघं, कधी दीर-जाऊ, आणि जुलैत मधले काही आठवडे बोटीवर चिटपाखरू नसेल. त्यामुळे "आज इथे नांगर, उद्या तिथे" एवढ्यावर भागणार नाही. बोट सोडून निर्धास्त विमानात बसता येईल अशी एक तरी जागा हवी.

मरीनांना (बोटी ठेवायच्या बंदरांना) मेल टाकायला सुरुवात केली आहे. लांबी कळवली की उत्तरं गोड येतात, रुंदी कळवली की मौन. एका मरीनाच्या फॉर्मात (नाव घेत नाही) रुंदीचा रकानाच नव्हता. त्यांनी "जागा आहे" म्हणून आगाऊ रक्कम मागितली आणि रुंदी बघितल्यावर दर जवळजवळ दुप्पट केला. वर "सर्वत्र हाच नियम आहे" असंही ऐकवलं. खरंच सर्वत्र आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावं: हंगामभर एकच जागा घ्यावी की महिन्या-महिन्याने बदलावी? बेटांवर जागा शोधावी की मुख्य किनाऱ्यावर? आणि दीर-जाऊ युरोपीय संघाचे नागरिक असले तरी आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर आहोत, बहुप्रवेश शेंगेन व्हिसावर. त्या ९० दिवसांचं गणित बोटीच्या गणितात कसं बसवायचं?

— दर्यावहिनी

आडवा_वारा
वाचतोय. आमच्या ३८ फुटीलाच तिकडे ऑगस्टमध्ये घाम फुटला होता, तुम्ही तर दोन बोटी एकत्र बांधून निघालात.

नांगरगाठ
वहिनी, मरीनांची यादी जरा बाजूला ठेवा आणि आधी वार बघा. डाल्मेशियाचा अख्खा उन्हाळा शनिवारभोवती फिरतो. भाड्याच्या बोटी शनिवारी दुपारनंतर निघतात आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तळावर परततात. त्यामुळे काश्तेला, त्रोगिर, सुकोशान, बिओग्राद या तळांवर शुक्रवारी रात्री मुंगीलाही जागा नसते, आणि मंगळवारी त्याच धक्क्यांवर रांगाच्या रांगा रिकाम्या. बेटांवर नेमकं उलटं. शुक्रवारी रात्री ह्वार, विस, कोर्चुला मोकळी असतात. मधल्या वारी तिथे दुपारी दोननंतर पोहोचणाऱ्या रुंद बोटीला कोणी विचारत नाही.

आता तुमच्या "दुप्पट दरा"बद्दल. तिकडे बोटी धक्क्याला समांतर लावत नाहीत. मागची बाजू धक्क्याला, नाळ (पुढचं टोक) समुद्राकडे, अशा खेटून उभ्या करतात. तुमच्या ८ मीटरमध्ये त्यांच्या दोन मोनोहल (एका सांगाड्याच्या बोटी) बसतात, म्हणून बहुतेक मरीना कॅटॅमरानला साध्या दराच्या दीडपट ते दुप्पट लावतात. दर खोटा नाही, पण पैसे मागून झाल्यावर सांगणं खोटं. पुढच्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत रुंदी लिहा, लांबी नंतर. मागे डेव्हिटवर (बाहेर आलेल्या आधारांवर) डिंगी, म्हणजे छोटी होडी, टांगत असाल तर ती धरून किती लांबी होते तेही कळवा. काही ठिकाणी बिल शेवटच्या टोकापर्यंत मोजून करतात.

आणि हे विचाराच: जागा आतल्या बाजूला आहे की लाटरोधक भिंतीच्या टोकाला? कॅटॅमरानला सर्रास पाँटूनचं (तरंगत्या धक्क्याचं) टोक देतात. रुंदीला ते बरं, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फेरीबोटीच्या लाटेला तुमचीच बोट हलते. बोट सोडून जाणार असाल तर टोक घेऊ नका.

माझं मत विचाराल तर हंगामाची जागा मुख्य किनाऱ्यावरच घ्या, बेटावर नाही. काश्तेलाची मरीना स्प्लिटच्या विमानतळाला लागून आहे म्हणा ना. सुकोशान आणि बिओग्राद झादरच्या विमानतळाला सोयीचे. दुब्रोव्हनिकची मरीना शहरात नसून नदीमुखात आत कोमोलात्सला आहे, समुद्राच्या लाटेपासून पूर्ण आडोसा. सुकोशान ही क्रोएशियातली सगळ्यात मोठी मरीना, सुमारे १२०० बोटींची, त्यामुळे रुंद जागा निघण्याची शक्यता तिथे जास्त. ह्वारजवळच्या बेटावरच्या पाल्मिझानासारख्या नावाजलेल्या ठिकाणी हंगामी करार मिळवण्याच्या नादात उन्हाळा संपेल.

चार महिन्यांच्या दराबरोबर वार्षिक कराराचाही दर मागवा. रोजच्या दराने जुलै-ऑगस्ट काढण्यापेक्षा वर्षाचा करार बरा पडतो असं पुष्कळदा दिसतं, विशेषतः हिवाळ्यात बोट तिथेच उभी करायची असेल तर. मात्र मग बोट पाण्यातून उचलणाऱ्या लिफ्टची आतली रुंदी विचारा. टनाचा आकडा सगळे छाती फुगवून सांगतात, ८ मीटरची बोट त्या पट्ट्यांमध्ये शिरते का हे कोणी आपणहून सांगत नाही.

खडकावरचा_खेकडा
एवढा खटाटोप कशाला? बोट आयोनियनमध्ये आहे ना, तिथेच राहू द्या. लेफकाडा, इथाका, केफालोनिया, संध्याकाळी नांगर टाका, फुकट झोपा. क्रोएशियात दर खाडीत बोया (बोट बांधायचे तरंगते गोळे) घालून ठेवलेत आणि पावती फाडायला माणूस डिंगीतून हजर.

दर्यावहिनी
@खेकडा, आयोनियन दोन उन्हाळे मनसोक्त झालं आहे. सासूबाईंना कोर्नातीची बेटं बघायची आहेत, तो विषय आमच्या घरात संपलेला आहे. :)

@नांगरगाठ, शनिवारचं हे गणित कुठल्याच मरीनाच्या संकेतस्थळावर दिसलं नव्हतं. मनापासून आभार. मग बेटांवरच्या रात्री कशा काढायच्या? नांगरावर?

नांगरगाठ
नांगर, बोया आणि खानावळी. तिकडे कोनोबा म्हणतात त्या खानावळींचे स्वतःचे छोटे धक्के नाहीतर बोये असतात. जेवलात तर रात्रीचे पैसे सहसा घेत नाहीत. पण आधी फोन करून १४ बाय ८ सांगा, कारण बरेच धक्के मोनोहलच्या हिशोबाने बांधलेले आहेत आणि बोयाचा दगड किती टनी बोटीसाठी आहे ते तुम्हाला पाण्यावरून दिसत नाही. खाड्या किनाऱ्यालगतच खोल होतात, दहा-बारा मीटरवर नांगर टाकणं तिथे नेहमीचं. साखळी भरपूर ठेवा, शिवाय खडकाला बांधायला एक लांब तरंगता दोर. धक्काच हवा असेल त्या रात्री ब्राचवर मिल्ना, ह्वारवर वर्बोस्का. दोन्ही आत वळलेल्या, शांत जागा आहेत.

कोर्नातीसाठी राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट आधीच काढा, आत गेल्यावर महाग पडतं. तिथल्या झुत आणि पिश्केरा या मरीना हंगामापुरत्याच चालू असतात, वीज-पाणी ठराविक वेळात. सासूबाईंना अंघोळीची वेळ आधी सांगून ठेवा.

पासपोर्टपेटी
व्हिसाबद्दल मी लिहितो, बोटीतलं मला काही कळत नाही.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे (युरोही त्याच दिवसापासून). म्हणजे ग्रीसमध्ये काढलेले दिवस आणि क्रोएशियातले दिवस एकाच खात्यात जातात: कुठल्याही १८० दिवसांत ९०. आणि व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेवढेच. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. तुम्ही दोघं मे महिन्यात प्रेवेझाला रंग मारायला गेलात तर ते दिवससुद्धा यातूनच वजा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्याने संगणकावर गेली आहे, तेव्हा पुसट शिक्क्याच्या भरवशावर राहू नका.

सुदैवाने जुलैत तुम्ही तसेही नसणार. ते रिकामे आठवडे खरोखर शेंगेनबाहेर काढा, पॅरिसमध्ये मैत्रिणीकडे नको. माँटेनेग्रो आणि अल्बानिया शेंगेनबाहेर आहेत, तिथले दिवस या ९० मध्ये येत नाहीत. पण बोटीने तिकडे गेलात तर क्रोएशियातून रीतसर बाहेर पडून परत रीतसर आत यावं लागेल, तेही ठरवून दिलेल्या प्रवेश बंदरातूनच. त्या दोन देशांत तुम्हाला कुठल्या अटीवर प्रवेश मिळेल ते त्यांच्या वकिलातीकडून लेखी घ्या.

बोटीचा व्हॅट भरलेला आहे म्हणून तिला दिवसांची मर्यादा नाही. युरोपीय संघाबाहेरच्या नोंदणीची, कर न भरलेली बोट असती तर बाहेर राहणाऱ्या मालकाला १८ महिन्यांची मुदत पडली असती. थोडक्यात, बोट राहू शकते, तुम्ही नाही.

युगो_नको
जुलैत बोट एकटी सोडणार म्हणता, त्यावर थोडं.

उन्हाळ्यात रोजचा वारा माएस्त्राल, वायव्येकडून. आपल्या खाऱ्या वाऱ्यासारखाच, सकाळी उशिरा सुरू होऊन संध्याकाळी पडतो. त्याची भीती नाही. बुरा ईशान्येकडून डोंगरावरून खाली कोसळतो, सगळ्यात वाईट वेलेबित डोंगराखाली, म्हणजे झादरच्या उत्तरेला. तुमचा पट्टा त्याच्या दक्षिणेला आहे, पण काश्तेलाच्या आखातातही तो मागच्या कोझ्याक डोंगरावरून उतरतो. उन्हाळ्यात कमी येतो आणि लवकर संपतो, एवढाच दिलासा. युगो आग्नेयेचा, एक-दोन दिवस घेऊन तयार होतो, अंदाजात आधी दिसतो. ह्वार शहराचं बंदर त्याला उघडं आहे, तिथे युगोत थांबू नका. विस बेटावर कोमिझाचं बंदर पश्चिमेला उघडं आणि विस शहराचं ईशान्येला, म्हणजे एक बिघडलं तर दुसरं बरं. आणि नेव्हेरा: ऑगस्टच्या दुपारी पश्चिमेकडून येणारं अचानक वादळ, तासाभरात सगळं उलटंपालटं करून जातं.

बोट सोडताना एक गोष्ट नीट बघा. युगोत पाण्याची पातळी वाढते. कॅटॅमरानच्या मागच्या पायऱ्या पाण्यालगत असतात. शांत दिवशी त्या काँक्रीटच्या धक्क्याच्या कडेखाली असतील आणि तुम्ही मागचे दोर आखूड बांधून गेलात, तर पाणी वर येताना पायरीची कड खालून धक्क्यात अडकते. फायबर फुटल्याचा आवाज ऐकायला कोणी नसतं. निघायच्या आधी बोट धक्क्यापासून दीड-दोन मीटर पुढे ओढून घ्या. पुढे दोन्ही नाळांना स्वतंत्र दोर मागा, एकाच दोरावर कॅटॅमरान सोडायला मरीनावाले तयार झाले तरी तुम्ही होऊ नका.

आत शिरताना धक्क्यावरचा पोरगा पाण्यातून वर येणारा पातळ दोर हातात देतो. वाऱ्याकडच्या नाळेचा आधी घ्या, आणि तो घट्ट होईपर्यंत दोन्ही इंजिनं न्यूट्रलमध्ये. तुमच्या इंजिनांचे पंखे मागे, दोन बाजूंना लांब आहेत. एक सुटला तरी दुसरा दोर खातो.

पोहोचल्यावर बंदर कप्तानाच्या कचेरीचं शुल्क आणि मुक्कामाचा कर भरायचा असतो. कप्तानाचा परवाना, व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र, विमा आणि खलाशांची यादी एकाच फायलीत ठेवा.

दर्यावहिनी
सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला आणि दिरांना धागा वाचायला बसवलं आहे.

आता असं ठरतंय: प्रेवेझाहून कोर्फू, तिथून अल्बानियात न शिरता थेट दुब्रोव्हनिक (साधारण २०० सागरी मैल निघतात), कोमोलात्सला थोडे दिवस, मग वर सरकत सुकोशान. सुकोशानला वार्षिक आणि हंगामी असे दोन्ही दर मागवले आहेत, यावेळी पहिल्या ओळीत रुंदी लिहून. तिथून कोर्नाती समोरच दिसतात नकाशावर, मधल्या उग्ल्यान आणि पाश्मान या दोन बेटांमधल्या फटीतून सरळ बाहेर. या मार्गात काही खोट आहे का?

नांगरगाठ
आहे. ती फट म्हणजे झ्द्रेलात्स, आणि तिच्यावर पूल आहे. पुलाखालची उंची साधारण साडेसोळा मीटर. तुमची डोलकाठी २२ च्या वर. सुकोशानहून दर वेळी एकतर उग्ल्यानच्या वरच्या टोकाला वळसा नाहीतर पाश्मानच्या खालच्या.

कोर्नातीच करायचं असेल तर बिओग्रादलाही मेल टाका. ते पुलाच्या दक्षिणेला आहे, पाश्मानचं खालचं टोक तिथून जवळ पडतं. विमानतळ तोच. तीही भाड्याच्या बोटींची जागा आहे, तेव्हा दिरांची विमानं शुक्रवारी उतरणारी नसावीत.

दर्यावहिनी
दिरांचं तिकीट शुक्रवारचंच आहे. बदलून घेते. बिओग्रादला आत्ताच मेल टाकला.