देवचाराची बाटली पडद्यावर दाखवावी का?

सड्यावरची (धागाकर्ती)
माझा बावीस मिनिटांचा लघुपट कुडाळ तालुक्यात चित्रित केलाय, संकलन अजून हातात आहे. नायक दशावतारी. रात्री जत्रेत तो विष्णू होऊन येतो, बायका त्याच्या पायांवर डोकं ठेवतात. पहाटे दहीकाला झाला की पेटारा बांधताना त्याचे हात थरथरतात. आई देवळात गाऱ्हाणं घालते, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि तो नारळावर हात ठेवून दारू सोडल्याची शपथ घेतो. त्याच संध्याकाळी ती वडाखाली देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला, रोट, विडी आणि दारूची धार देते.
गावात दाखवला तेव्हा दोन वडीलधाऱ्यांनी हे शेवटचं दृश्य काढायला सांगितलं. ‘भायरली माणसा आमच्या देवाक दारुडो म्हणतली.’ मला ते काढायचं नाही. राखणदाराला बाटली देणारा आणि घरातली बाटली तांदळाच्या डब्यात लपवणारा हात एकाच बाईचा असतो. माझ्या आजीचा होता. तुमचं मत सांगा.

पेटीवाल्याचा नातू
काढाच. आमच्या घरात तीन पिढ्या दशावतार आहे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ हे आम्ही अंगावर काढलंय. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की आज हे गाव, उद्या ते. संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरतं आणि बाकी सगळं उभ्या उभ्या बोलायचं, तेही पहाटेपर्यंत. पिऊन हे निभत नाही. माझे आजोबा पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा झाल्याशिवाय पेटीला हात लावत नसत.
लोककलावंतावर काही करायचं म्हटलं की तो दारुडाच का लागतो? आणि देवचाराचा तो मान आहे. वर्षातून ठरल्या दिवशी, सीमेवर, गावाच्या वतीने दिलेला. त्याला मुलाच्या व्यसनाशेजारी ठेवलंत की बघणारा दोन्ही एकच समजणार.

खाटेशेजारी
मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. मला बाटली खटकली नाही, शपथ खटकली. तुमचा नायक नारळावर हात ठेवतो, त्यानंतर काय होतं?
वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्याच दिवशी हात कापतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, दारात कोणी उभं दिसतं. घरचे म्हणतात बाधा झाली. कौल लावतात, भगताला बोलावतात. एका शिमग्यात असाच एक बापया आमच्याकडे आणला, शपथ घेऊन तिसरा दिवस होता. अंग भट्टीसारखं तापलेलं, हात खाटेला बांधलेले. तो वाचला नाही. त्याची आई मला विचारत होती, ‘बाय, सोडलान म्हणान मेलो काय गो?’ औषधं देऊन, देखरेखीखाली सोडवली असती तर बहुधा जगला असता. शपथ दाखवा, पण तिसरी रात्रही दाखवा.

तुळशीमाळ
ताई, तुमचं खरं आहे, पण माझा नवरा माळेनेच सुटला. अकरा वर्षं झाली. औषधं झाली होतीच, दोनदा. दोन्ही वेळा परत आला तो संध्याकाळी सात वाजता नाक्यावर बसायला. माळ घातल्यावर सातला भजन लागलं, झांज हातात आली, शेजारी चार माणसं बसली. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतही आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवायला सांगतात. दिग्दर्शकांनी श्रद्धेला फक्त असहाय दाखवू नये.

बांद्याचो
सगळा भार आई आणि देवावर. गोव्यात कर कमी म्हणून तिथली स्वस्त दारू हद्द ओलांडून गावागावांत येते, ती चित्रात कुठाय?

सड्यावरची
बांद्याचो, ती नाही. बावीस मिनिटांत मी एकच घर धरलंय.
खाटेशेजारी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा नायक शपथेनंतर थेट पुढच्या जत्रेत दिसत होता. ते चूक होतं, मला माहीत नव्हतं. मधल्या रात्री नव्याने चित्रित करणार आहे; आधी तुम्हाला लिहून पाठवते, तपासून द्या.
तुळशीमाळ, भजनाचं खरंच सुचलं नव्हतं.
नातवा, पेटाऱ्याची पूजा आम्ही टिपली होती, लांबी वाढते म्हणून गाळली. ती परत घालते. देवचार मात्र राहील. ठरल्या दिवसाचा मान आहे हे कळावं म्हणून गावकरी सोबत घेऊन ते दृश्य पुन्हा करीन, पण मुलगा त्या बाटलीकडे बघतो ती नजर काढणार नाही.

पेटीवाल्याचा नातू
पेटारा घालताय, बरं वाटलं. त्या नजरेचं अजून पटत नाही. पुन्हा गावात दाखवाल तेव्हा कळवा. आजोबांना घेऊन येईन. ते जे बोलतील ते सगळ्यांसमोर ऐकून घ्या.