पाप्पांजी जळला की संस्कृती, मारबत निघाली की ट्रॅफिक जाम!

इतवारीकर

परवा एका सद्गृहस्थांनी केरळातल्या फोर्ट कोची-मट्टनचेरीला चार दिवस राहून आल्यावर इथे लांबलचक लिहिलं. सार एवढंच: 'एका चौरस मैलात ज्यू, गुजराती, कोकणी, कच्छी, तमिळ सगळे गुण्यागोविंदाने राहतात. बंदर माणसाला मोकळं करतं. आपलं नागपूरचं महाल-इतवारी म्हणजे नुसता बाजार नि घाम. समुद्रच नाही तर संस्कृती येणार कुठून?' सोबत तेवीस फोटो. त्यातले सहा थर्टीफर्स्टच्या मध्यरात्री जळणाऱ्या पाप्पांजीच्या पुतळ्याचे.

दुकानात बसल्याबसल्या डोकं सटकलं.

आमचं किराणा ओळीत मसाल्याचं दुकान. मिरीच्या खरेदीसाठी वडिलांसोबत मट्टनचेरीला दोनदा गेलोय. गोदामात दलाल पोत्यातून मूठभर मिरी काढतो, तळहातावर चोळतो आणि फुंकर मारतो. हलका दाणा उडतो, भरलेला राहतो. माझ्यासाठी मट्टनचेरी म्हणजे ती फुंकर. तुमच्या तेवीस फोटोंत एकही पोतं नाही.

आता ज्यू टाऊन. १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, खाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, हाताने रंगवलेल्या. सुंदरच आहे. पण १९५० च्या दशकात बहुतेक ज्यू इस्रायलला निघून गेले, आता गल्लीत शोधून सापडत नाहीत. पाटी राहिली, पाटीखाली काश्मिरी शाली विकायला आहेत. गेलेल्या माणसांच्या नावावर चाललेला बाजार ही संस्कृती, आणि जे गेले नाहीत त्यांचा बाजार म्हणजे नुसती गर्दी?

मोकळेपणाचंही सांगतो. त्याच सिनेगॉगमध्ये ज्यूंनी ज्यूंनाच बरोबरीने बसू दिलं नव्हतं. अब्राहम बराक सालेम, स्वतः ज्यू, शिकलेला वकील, त्याला त्याविरुद्ध सत्याग्रह करावा लागला. पाणी तर गल्लीच्या पलीकडेच होतं, काही उपयोग झाला नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी जिथे जुनं टाकून नवं घेतलं ते गाव समुद्रापासून किती लांब आहे, जरा नकाशा काढून बघा.

बंदराला पाणीच लागतं असं कोणी सांगितलं? लमाणांचे बैल मीठ घेऊन यायचे. १८६७ ला रेल्वे आली आणि विदर्भाचा कापूस मुंबईच्या गोदीकडे धावू लागला. बोहरी, मारवाडी, गुजराती, कोष्टी, मोमीन, तेली हे सगळे आभाळातून पडले काय? मालासोबत आले आणि राहिले.

राहिला पाप्पांजी. म्हाताऱ्याचा पुतळा जाळून जुनं वर्ष घालवतात, ते पाहून तुमचे डोळे पाणावले. आपल्याकडे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्या जुन्या घरावरून. तिकीटही लागत नाही. किती वेळा पाहिली?

बजाजनगरवाला

तो सद्गृहस्थ मीच. मिरीचा व्यापारी एवढा तिखट असणार, हे लक्षात यायला हवं होतं.

मारबत किती वेळा पाहिली? जन्मापासून सव्वीस वर्षं. आमचा वाडा महालातलाच, बडकस चौकापासून हाकेच्या अंतरावर. शेवटची मारबत कशी पाहिली तेही ऐका. आईच्या छातीत दुखत होतं, दोघांनी धरून तिला ऑटोत घातलं आणि ऑटो गर्दीत अडकला. एक तास दहा मिनिटं. बाजूला डीजे, समोर बडग्याचे पुतळे, पोरं नाचताहेत. एकाने ऑटोत डोकं घालून आईला विचारलं, 'काकू, पेढा घेता काय?' आई वाचली. आम्ही पुढच्याच वर्षी घर सोडलं. त्यामुळे 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडणाऱ्यांचं मला कौतुक सांगू नका. माझ्या घरची इडापिडा तीच होती.

सालेमचं ठाऊक नव्हतं. मान्य. पण त्यामुळे इतवारी कोची होत नाही.

पार्किंगपीडित

सगळं बरोबर आहे, पण इतवारीत गाडी कुठे लावायची हे कोणी सांगेल काय? मुलीचं लग्न. भांडे ओळीत तांब्याचं घंगाळ घ्यायला गेलो. तीन चकरा मारल्या, शेवटी गाडी गांधीसागर तलावापाशी लावली. येताना घंगाळ डोक्यावर. ओळखीचे दोन जण भेटले, दोघांनी फोटो काढला. संस्कृती नंतर, आधी पार्किंग.

कायलेभौ

पार्किंग नाही म्हंता अन् गाड्या लावता कुठं? आमच्या ओट्यावर!

आमच्या घराले सहा फुटाचा ओटा होता. दोन दगडी पायऱ्या, वर शहाबादी फरशी, भर उन्हाळ्यातही संध्याकाळी थंडगार. आजी तिथं बसून सरगुंडे वळे. आबा रात्री बारा वाजेपर्यंत तिथंच, येणारा-जाणारा टेकल्याशिवाय पुढं जात नव्हता. रुंदीकरणात सारा गेला, दीड फूट उरला. त्या दीड फुटावर मी तुळशीची कुंडी ठेवली. एक दिवस पाह्यतो तं कुंडी नालीत अन् कुंडीच्या जागी अॅक्टिव्हा! पेठेचा जीव त्या ओट्यात होता भाऊ. तो गेला अन् तुम्ही समुद्र पाह्याले गेले.

बजाजनगरवाला

भावना समजतात. पण सहा फूट ओटा तुमच्या सातबाऱ्यावर होता की रस्त्यावर?

कायलेभौ

सिटी सर्व्हेचा कागद पंजोबाच्या नावचा आहे, दाखवू काय? तू पहिले तुह्या सोसायटीत पाहुण्याची गाडी लावून दाखव. वाचमन रजिस्टर घेऊन मांगं धावते. स्वतः पेठ सोडून पळाला अन् आता आम्हालेच सातबारा विचारून राह्यला.

बजाजनगरवाला

'पळाला' हा शब्द मागे घ्या. आईचं वर लिहिलं आहे.

कायलेभौ

आईचं वाचलं. त्यासाठी घेतला मांगं. सातबाऱ्याचा नाही घेत.

जुनीमहालकर

ओट्याचं कौतुक ऐकून कान किटले. मी महालात वाढले, लग्नही महालातच. ओट्यावर संध्याकाळी कोण बसायचं? आबा, काका, शेजारचे मामा, त्यांच्या पानाच्या पिचकाऱ्या. आम्ही शाळेतून आलो की मान खाली घालून त्या सगळ्यांच्या मधून आत जायचं. कोण किती वाजता आली, सोबत कोण होतं, ओढणी कशी होती, सगळी नोंद त्या ओट्यावर. गेला तो ओटा, बरं झालं.

कायलेभौ

ताई, आजी बसत होती म्हणून सांगतलं ना.

जुनीमहालकर

बसत होती, सरगुंडे वळायला. काम असलं की बायकांना ओटा मोकळा!

पार्किंगपीडित

ताईंशी सहमत. ओटे काढून तिथे पट्टे मारले असते तर...

इतवारीकर

काका, तुमचं घंगाळ खाली ठेवा जरा. आपण बंदरावर बोलत होतो.

जुनीमहालकर ताई, तुमचं खरं आहे, मी तेव्हा वरच्याच बाजूला बसणाऱ्यांतला होतो. पण ओट्यांवर बोलताना 'गेला, बरं झालं' इतकं सरळ नसतं. वडील गेले तेव्हा तेरा दिवस आमच्याकडे चूल पेटली नाही. ओट्यावर बसणाऱ्या घरांनी पाळी लावून डबे पाठवले. त्यात समोरच्या बोहरी काकांचाही डबा होता, भाजी मुद्दाम शेजारच्या बामणाकडून करवून आणलेली.

जुनीमहालकर

डबे कोणी रांधले?

इतवारीकर

...बायकांनी. जिंकलात.

विट्याची सून

माहेर नागपूर, सासर विटा, आणि संसाराची एकोणीस वर्षं मट्टनचेरीत. आमच्याकडचे लोक गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर जातात, तसेच आम्ही गेलो. म्हणून दोन्ही बाजूंचं वाचून हसू आलं. एक भाऊ ज्यू टाऊन पाहून भारावले, दुसरे ज्यू टाऊन पाहून रागावले. तिथे राहणारी माणसं ज्यू टाऊनला फारशी जातच नाहीत.

फोर्ट कोचीच्या वेली भागातला धोबीखाना कोणी पाहिला? डचांनी सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ वण्णान, म्हणजे धोबी लोकांना आणलं, त्यांची माणसं अजून तिथे धुतात. सिमेंटच्या टाक्या, प्रत्येकाची ठरलेली. वाळत घालायला काथ्याचे दोन दोर एकमेकांत पिळून ताणलेले असतात. कपड्याचा कोपरा त्या पिळात खुपसायचा, चिमटा नाही. वाऱ्याने साडी फडफडते पण सुटत नाही. मी शिकून आले, इथे गच्चीवर तसाच दोर बांधलाय. वेदर चांगलं असेल तर दोन तासांत सगळं वाळतं.

आणि आपल्या मराठी लोकांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून पळालेले कोकणी तिथे आले. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस'चे बारा खंड काढले, त्याला मदत करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं प्रमाणपत्र कोकणीत, नागरी लिपीत, त्या पुस्तकात छापलं आहे. १६७८ साली, ॲमस्टरडॅममध्ये. मट्टनचेरीतल्या चेरलाईत राहताना शेजारच्या कोकणी मावशींशी मी मराठीत बोलायची, त्या कोकणीत. भांडणसुद्धा नीट व्हायचं.

बजाजनगरवाला

वहिनी, धन्यवाद. म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. इतके लोक, इतक्या भाषा, बंदरामुळेच.

विट्याची सून

थांबा भाऊ. पोर्तुगीजांना घाबरून आलेले आणि डचांनी धुणं धुवायला आणलेले, यांना तुम्ही 'गुण्यागोविंदाने' म्हणताय.

हमालाचा पोरगा

इतके दिवस फक्त वाचत होतो. आता लिहितो, कारण बंदराच्या एवढ्या गप्पांत माल उचलणारा कोणीच आला नाही.

मट्टनचेरीच्या गोदीत 'चाप्पा' नावाची पद्धत होती. सकाळी शे-दोनशे माणसं फाटकाशी जमायची. मुकादम धातूचे बिल्ले त्या गर्दीत फेकायचा. ज्याच्या हाती बिल्ला लागला त्याला त्या दिवशी काम. बाकीचे घरी. बिल्ल्यासाठी माणसं एकमेकांना तुडवायची. त्याविरुद्ध आंदोलन झालं, सप्टेंबर १९५३ मध्ये गोळीबार झाला, कामगार मेले. ही पण त्या 'एका चौरस मैला'चीच संस्कृती.

माझा बाप इतवारीत धान्याची पोती वाहायचा. शंभर किलोचं पोतं. पाठीला इथे, मानेच्या खाली, गाठ आली होती, लिंबाएवढी. लहानपणी मी ती दाबायचो, तो म्हणायचा दुखत नाही, ती आता पोत्याची उशी झाली. १९६९ ला माथाडी कायदा झाला, पण आमच्या ओळीत तो पोचायला किती वर्षं लागली ते बाप सांगायचा. पुढे धान्याचा बराच बाजार कळमन्याला गेला, बापही सायकलने कळमन्याला. तेव्हा इतवारीकर भाऊ, तुमच्या ओट्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण टेकत होता म्हणता. माझा बाप वीस वर्षं त्या ओळीतून गेला. टेकला असेल का, तुम्हीच सांगा.

इतवारीकर

ओट्याचं कायलेभौंनी लिहिलं होतं, मी नाही. पण उत्तर देतो. आमच्या दुकानासमोर हमालांना पाणी प्यायला वेगळा माठ होता. 'वेगळा' हे मला आज लिहिताना कळतंय. तेव्हा तो नुसता माठ होता.

कायलेभौ

आमच्या ओट्यावर टेकत होते हमाल. दुपारी. आबा नसले की.

हमालाचा पोरगा

'आबा नसले की.' बरं.

पार्किंगपीडित

एक विचारायचं होतं. कळमन्यात तरी पार्किंग आहे का?

बजाजनगरवाला

आहे काका, ट्रकचं. घंगाळ घेऊन जा.

आता माझं. 'समुद्र नाही तिथे संस्कृती नाही' हे वाक्य मागे घेतो. इतवारीकरांमुळे नाही, वहिनी आणि या शेवटच्या भावामुळे. इतवारीकरांनी माझं म्हणणं खोडायला कोचीचे दोष काढले, इतवारीचे सांगायला मात्र दुसरा माणूस यावा लागला. डीजेबद्दल एक शब्द मागे घेत नाही.

इतवारीकर

घेऊ नका. डीजेला मीही शिव्या देतो, पण आमचं दुकान त्याच रस्त्यावर आहे म्हणून आतल्या आत. यंदा मारबतीला या. आईंना आणू नका, तुम्ही या. दुकानाच्या माडीवरून नेहरू पुतळ्याकडचं सगळं दिसतं. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हा क्षणभर डीजेही ऐकू येत नाही. हमालाचा पोरगा भाऊ, तुम्हीही या. माडीवर, खाली नाही.

हमालाचा पोरगा

त्या दिवशी माझी ड्युटी असते. बघतो.

जुनीमहालकर

माडीवर चहा कोण करणार आहे?

इतवारीकर

मी.

विट्याची सून

कोणी तरी मला मेसेजमध्ये दोराचं विचारलं होतं. काथ्याचाच घ्या, नायलॉनचा पीळ धरत नाही. कॉटन मार्केटकडे मिळतो. नीट ताणून बांधायचा.