तापीचे दंड बारीक करू का?

कपाशीची_शाई (अमळनेर)

नमस्कार. चित्रं काढायला लागून मला सात वर्षं झाली. त्यातली शेवटची दोन मी एकाच बाईवर घातली आहेत. तिचं नाव तापी. एरवी ती कापूस वेचते. नदीला पूर आला की तिच्या अंगात नदीचं बळ येतं. पहिली गोष्ट आठ पानांची आहे. बोरी नदीच्या पुरात फरशी पुलावर मजुरांनी भरलेली ट्रॉली अडकते आणि तापी ती उचलून काठावर आणून ठेवते.

तिचे कपडे मी मनाने रचलेले नाहीत. वेचणीला निघालेली कोणतीही बाई बघा. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची झोळी. शर्ट घालतात कारण बोंडांची सुकलेली टोकं हात ओरबाडतात. आई माझ्या वडिलांचा राखाडी शर्ट घालते, कित्येक हंगाम तोच, आणि तापीच्या अंगावरही तोच आहे. बाकीच्या सुपरहिरोंच्या पाठीवर केप असते, हिच्या पोटाशी ओटी आहे आणि धावताना ती वाऱ्याने फुगते. ते चित्र जमलं त्या रात्री मी झोपले नाही.

दंडही आईचेच. भरलेलं गाठोडं उचलून डोक्यावर घेताना दंड कसा भरतो, मानेची शीर कशी ताणते, ते बांधावर बसून वहीत उतरवलंय. खांदे रुंद, कंबर जाड.

एका दिवाळी अंकाने पानं मागवली. संपादकांना गोष्ट आवडली, पण फोनवर म्हणाले, दंड बारीक करा, कंबर आत घ्या, तो शर्ट काढून टाका, बाई जरा आकर्षक दिसू द्या. त्याच आठवड्यात मामा आले. पानं पाहून म्हणाले, साडी इतकी वर बरी दिसत नाही, पोटऱ्या दिसतात, गावात काय म्हणतील. मामांच्या स्वतःच्या शेतात बाया तशाच साडीत वेचतात, ते त्यांना कधी खटकलं नाही. कागदावर आल्यावर खटकलं.

एकाला कपडे कमी हवेत, दुसऱ्याला जास्त. ट्रॉलीत अडकलेली माणसं दोघांनाही दिसली नाहीत, याचं मला फार लागलं.

छापून यावं म्हणून तुम्ही कुठपर्यंत बदलता? आणि दुसरं, तंग कपड्यातली, कंबर पिळवटलेली नायिका काढणाराही 'हे माझं स्वातंत्र्य' असंच म्हणतो. मग त्याचं आणि माझं स्वातंत्र्य एकच का? पाचवं पान सोबत जोडलंय.

वेताळ_भुसावळ

ताई, मी रेल्वेतून निवृत्त झालो. शाळेत असताना इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक स्टेशनवरच्या स्टॉलवरून घ्यायचो, त्यातले बरेच अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. तुमची अडचण माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे.

एप्रिल १९४१ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत 'मिस फ्युरी' ही सुपरहिरो बाईची चित्रमालिका सुरू झाली, वंडर वुमनच्याही काही महिने आधी. ती जून टार्पे मिल्स या बाईने लिहिली आणि काढली. चित्रकार बाई आहे हे कळू नये म्हणून सहीतून तिने 'जून' गाळलं होतं. १९४७ मध्ये तिने एका पात्राला तोकडे कपडे घातले तेव्हा ३७ वर्तमानपत्रांनी मालिका नाकारली. म्हणजे तोकडे कपडे काढायची इच्छाही बाईची असू शकते, हे लक्षात असू द्या.

पुढे १९५४ मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचं कॉमिक्सने मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक आलं, सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःच नियमावली करून घेतली. त्यात एक कलम होतं की बायका काढताना शरीराची अतिशयोक्ती करायची नाही. वाचून तुम्हाला वाटेल, मला हेच तर हवंय. पण त्याच नियमावलीच्या अधिकाऱ्याने १९५६ मध्ये एका विज्ञानकथेला आडकाठी केली. शेवटच्या चित्रात अंतराळवीर हेल्मेट काढतो आणि तो काळा माणूस निघतो, तोच बदला म्हणाले. काळा नायक चालणार नाही असं नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्रकाशक विल्यम गेन्स हटले नाहीत, चित्र होतं तसं छापलं. त्या चेहऱ्यावरचे घामाचे थेंब मला फार आवडतात.

तेव्हापासून मी चांगल्या हेतूच्या नियमालाही भितो. संपादकांना नाही म्हणा. पण दुसऱ्या कुणाची कंबर पिळवटलेली असेल तर त्यावर बंदी मागू नका, टीका लिहा. मी वाचेन.

पांझरा_ब्रश (धुळे)

तुम्ही लिहिलेला तो चित्रकार मीच समजा. मी तंग कपड्यातल्या नायिका काढतो, आवडीने काढतो. शिकत असताना अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यात तीन दिवस स्केचिंग केलं होतं. तिथल्या अप्सरेच्या अंगावर कापडापेक्षा दागिने जास्त, आणि तिच्यासमोर उभं राहून मला एकदाही लाज वाटली नाही. उघडं अंग आणि कमकुवत बाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही तुमचा दुसरा प्रश्न मला टोचला. २०१४ मध्ये मिलो मनारा यांनी स्पायडर-वुमनचं एक कव्हर काढलं, त्यावर जगभर टीका झाली. मनारांच्या रेषेसाठी मी काहीही देईन. पण ते कव्हर मला चुकलेलं वाटतं. बाई इमारत चढून गच्चीच्या कडेवर आली आहे आणि चढण्याचा ताण तिच्या अंगात कुठेच नाही. काढायचा हक्क त्यांचा होताच, पण चित्र खोटं पडलं.

२०१५ चं उदाहरण वेगळं. बॅटगर्लच्या ४१ व्या अंकासाठी राफाएल अल्बुकर्क यांनी काढलेल्या खास कव्हरवर ती खलनायक जोकरच्या कवेत रडताना होती, आणि त्या काळातल्या अंकांतली बॅटगर्ल मात्र हसरी, बिनधास्त. टीका झाल्यावर ते कव्हर मागे घ्या असं अल्बुकर्क यांनी स्वतः सांगितलं. यालाही मी स्वातंत्र्यच म्हणतो. तुम्ही काय बदलता याहून कुणाच्या मनाने बदलता, ते बघा.

आता पाचव्या पानाबद्दल. दंड उत्तम, त्यांना हात लावू नका. पण शर्ट इस्त्री केल्यासारखा सपाट आहे. एवढं वजन उचलणाऱ्या बाईच्या कोपराशी चुण्या पडतील, काखेत कापड ताणेल, पाठीवर घामाने चिकटेल. ट्रॉली त्यामुळेच हलकी वाटते.

फळा_खडू (नंदुरबार)

मी आठवीला चित्रकला शिकवते. २०१२ मध्ये इंटरनेटवर 'हॉकआय इनिशिएटिव्ह' नावाचा उपक्रम निघाला होता. नायिकेला ज्या पोझमध्ये उभं करतात त्याच पोझमध्ये हॉकआय या पुरुष सुपरहिरोला काढायचं. मी ते वर्गात करून घेतलं. मुलांनी आधी स्वतः तसं उभं राहून पाहिलं, दोघं तोल जाऊन पडले. त्यानंतर त्यांच्या वह्यांमधल्या बायका सरळ उभ्या राहायला लागल्या.

ताई, तुमची पानं वर्गात लावायला द्याल का? माझ्या कितीतरी मुलींच्या आया वेचणीला जातात. शर्ट बघून त्या लगेच ओळखतील.

कपाशीची_शाई (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी संपादकांना फोन करून सांगितलं की दंड, कंबर आणि शर्ट तसेच राहतील. ते म्हणाले, मग यंदा जमणार नाही. जेवण गेलं नाही दिवसभर. फळा_खडू ताई, पानं उद्याच पाठवते.

पांझरा_ब्रश दादा, तुमच्या नायिका मला आवडतात की नाही हे अजून सांगता येत नाही. शर्टाचं मात्र शंभर टक्के पटलं. साडी मी एका चित्रात खाली घेतली आहे, पहिल्या पानावर. तिथे ती घरी भाकरी थापतेय, घरात कोण साडी खोचून बसतं? मामा बोलले नसते तर मी ते पान पुन्हा बघितलं नसतं, हेही खरं.

आईला सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "तुन्ही बाई शे, तुले जशी वाटस तशी काढ." मग पान जवळ घेऊन बराच वेळ बघितलं आणि शर्टाची वरची गुंडी लाव म्हणाली, उघडी राहिली तर कचरा मानेतून आत जातो आणि दिवसभर खाजतं.

शर्ट दोरीवरून काढून टेबलासमोर खिळ्याला टांगलाय. उजव्या कोपराशी आतून दुसऱ्या कापडाचं ठिगळ आहे, निळं. दोन वर्षं काढतेय आणि ते मला आज दिसलं.