प्रतिसाद : मानेतली गाठ आधी सुईने तपासा

परभणीच्या एका काकांच्या (वय ४८, तंबाखू-चुना खातात) मानेत तीन आठवड्यांपासून न दुखणारी गाठ आहे, काय करावं, असा प्रश्न इथे आलाय. ती सरळ कापून काढा, असा सल्ला वर कुणी दिलाय. तो चुकीचा. कॅन्सर निघाला तर आधीच्या चिरेमुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. अँटिबायोटिकचा दुसरा कोर्सही नको. दोन आठवड्यांत न बसलेली किंवा दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ तपासायलाच हवी.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून जिभेचं मूळ, टॉन्सिल, स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्या. गाठ कॅन्सरची असेल तर मूळ रोग बऱ्याचदा तिथंच लपलेला असतो. मग सोनोग्राफी करून तिच्याच आधाराने एफएनएसी, म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी. सुई बारीक, भूल बहुधा लागत नाही. नुसतं पाणी आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. चाळिशीनंतर पाण्याची गाठही कॅन्सरची असू शकते.

गंडमाळेची, म्हणजे टीबीची शंका असेल तर थोडा नमुना सीबीनॅटसाठी (टीबीचे जंतू शोधणारी जनुकीय चाचणी) साध्या सलाईनमध्ये वेगळा ठेवायला सांगा. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायचं रसायन) गेला की जंतूंचं कल्चर, म्हणजे ते वाढवून बघणं, होत नाही, इथंच घोळ होतो. अंदाजाने टीबीच्या गोळ्या नकोत.

गिळताना वर सरकणारी गाठ बहुधा थायरॉईडची. तिथं टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी आधी. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात हे सगळं होतं.