पेनसिल्व्हेनियात तिसऱ्या उमेदवारासाठी सह्या गोळा केल्या. माझं नेमकं काय चुकलं?

मंदाकिनी_फिली

गेल्या आठवड्यात एका मराठी घरी जेवायला गेले होते. तिथे ओळखीच्या एका गृहस्थांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्यासारख्यांमुळेच ट्रम्प आले." हातात ताट, आजूबाजूला दहा-बारा माणसं. मला काही बोलायला सुचलं नाही. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून इथे लिहिते आहे.

झालं असं, की २०२४ च्या उन्हाळ्यात मी ग्रीन पार्टीच्या जिल स्टाईन यांचं नाव पेनसिल्व्हेनियाच्या मतपत्रिकेवर यावं म्हणून सह्या गोळा केल्या. भारतातल्या वाचकांसाठी सांगते: अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची सगळ्या देशाची अशी एक मतपत्रिका नसते. प्रत्येक राज्याची वेगळी, नियम वेगळे, तारखा वेगळ्या. दोन मोठ्या पक्षांची नावं सह्यांशिवायच येतात. इतरांना बहुतेक ठिकाणी मतदारांच्या सह्या दाखल कराव्या लागतात. आमच्याकडे ५,००० सह्या, १ ऑगस्टच्या आत. टेक्सासमध्ये त्याच वर्षी अपक्षाला १,१३,१५१ लागत होत्या, आणि पक्षांचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ज्याने मत दिलंय त्याची सही तिथे चालतच नाही.

दर शनिवारी भाजीबाजाराच्या तोंडाशी उभी राहायचे. हातात पॅड, पॅडला सुतळीने बांधलेलं पेन, कारण सुटं पेन दुपारपर्यंत टिकत नाही. माणूस सही करतो तेव्हा नाव, पत्ता, तारीख सगळं नीट लागतं, आणि पत्ता मतदार नोंदणीतलाच हवा. जूनमध्ये खोली बदललेल्या एका मुलाने उत्साहाने नवा पत्ता लिहिला. ती ओळ कोणी हरकत घेतली तर टिकणार नाही, हे मला तिथेच कळलं. तेव्हापासून प्रत्येकाला आधी विचारायचे, "मतदार यादीत हाच पत्ता आहे ना?"

एक आजी अजून डोळ्यांसमोर आहेत. पिशवीत पालेभाजी, हातात काठी. मला म्हणाल्या, "मी मत डेमोक्रॅटिक पक्षालाच देणार. पण तुमच्या बाईंचं नाव तिथे असायला काय हरकत?" आणि अगदी सावकाश, वळणदार अक्षरात सही केली. मला जे म्हणायचंय ते त्या आजींना कळलं होतं. सही म्हणजे मत नव्हे. मतपत्रिकेवर कोणाकोणाची नावं असावीत हे मतदारांनी ठरवायचं.

निकाल सांगते. ट्रम्प यांनी पेनसिल्व्हेनिया १,२०,२६६ मतांनी जिंकलं. स्टाईन यांना मिळाली ३४,५३८. ती सगळीच्या सगळी कमला हॅरिस यांच्या पदरात घातली तरी निकाल तोच. मग मला कशाचा जाब विचारला जातोय?

गोदाकाठ_टँपा

मंदाकिनीताई, चारचौघांत तुम्हाला असं बोलणं चूकच. पण त्या गृहस्थांच्या रागामागे काय आहे ते मी सांगते, कारण तो राग मलाही येतो.

२००० साली मी फ्लोरिडात नवीन होते, नागरिकत्व नव्हतं, मत नव्हतं. त्या रात्री टीव्हीवर राज्य आधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांचं दाखवलं, मग काढून घेतलं, मग रिपब्लिकन जॉर्ज बुश यांचं, मग तेही काढून घेतलं. शेवटी फरक राहिला ५३७ मतांचा. साठ लाखांच्या आसपास मतदानात ५३७! आणि ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना त्याच राज्यात मिळाली होती ९७,४८८. न्यू हॅम्पशायरमध्ये बुश ७,२११ मतांनी पुढे, नेडर यांना २२,१९८. इथे राष्ट्राध्यक्ष राज्यागणिक जिंकूनच ठरतो, म्हणून या दोनपैकी एक राज्य फिरलं असतं तरी गोर राष्ट्राध्यक्ष. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने नेडर यांना मत दिलं होतं. पर्यावरणासाठी दिलं होतं हो! मिळालं काय, तर हवामानाचा क्योटो करार झिडकारणारं सरकार आणि इराकचं युद्ध.

तुम्ही २०२४ चा हिशेब मांडलात. २०१६ चाही मांडा. तुमच्याच राज्यात ट्रम्प यांचं मताधिक्य ४४,२९२ आणि स्टाईन यांची मतं ४९,९४१. मिशिगनमध्ये १०,७०४ विरुद्ध ५१,४६३. विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ विरुद्ध ३१,०७२. एखाद्या राज्यात योगायोग म्हणता येईल. तिन्ही राज्यांत?

आणि सह्या कोण गोळा करतं तेही बघा. २००४ मध्ये मिशिगनात नेडर यांच्यासाठी चाळीस हजारांवर सह्या आणून दिल्या त्या रिपब्लिकन पक्षाच्या लोकांनी. त्यांना नेडर आवडायला लागले होते का? तुम्ही भाजीबाजारात मनापासून उभ्या राहिलात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या मनापासूनपणाचा फायदा दुसराच कोणीतरी उचलतो, हे तुम्हाला दिसत असूनही तुम्ही पॅड खाली ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वारणाकाठचा

गोदाताई, ९७,४८८ हा आकडा नेहमी येतो, पण त्याच फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची मतपत्रिका मध्येच विसरली जाते. दोन्ही पानांवर नावं, मधोमध भोकं पाडायची रांग. त्या गोंधळात उजव्या टोकाचे पॅट ब्युकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०० च्या वर मतं पडली. आपल्याला मत देणाऱ्यांची तिथे गफलत झाली असणार, असं ब्युकॅनन स्वतःच म्हणाले होते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली. ५३७ मतं फिरवायला इतकी कारणं हजर असताना दोष फक्त नेडरच्या मतदारावर का?

गोदाकाठ_टँपा

कारण बाकीच्या चुका कोणी ठरवून केल्या नव्हत्या. नेडर यांना मात्र थोड्या मतांनी निकाल फिरणाऱ्या काठावरच्या राज्यांत प्रचार करू नका म्हणून त्यांचेच जुने सहकारी विनवत होते. तरी ते गेले.

मंदाकिनी_फिली

गोदाताई, २०१६ च्या आकड्यांवर मी वाद घालणार नाही, ते खरे आहेत. एवढंच म्हणेन, की स्टाईन यांचं नाव नसतं तर ती सगळी माणसं रांगेत उभी राहून हिलरी क्लिंटन यांनाच मत देऊन आली असती हे तुम्ही धरून चालता आहात. माझ्याकडे सही करणाऱ्यांतले कितीतरी जण म्हणायचे, "दुसरं कोणी नसेल तर मी घरीच बसतो."

आता २००४ चं म्हणाल, तर आमच्या राज्यात काय झालं ते ऐका. नेडर तेव्हा अपक्ष होते. लागणार होत्या २५,६९७ सह्या. त्यांनी ५१,००० च्या वर दिल्या. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने हरकत घेतली गेली, वकिलांची फौज उभी राहिली, एकेक ओळ तपासली गेली. न्यायालयाने १८,८१८ धरल्या, बाकी बाद. त्यांत 'मिकी माउस' वगैरे खोटी नावं होती, ती बाद व्हायलाच हवीत. पण बनावट सह्या बाद झालेल्यांतला छोटा भाग होता. बाकी ढीग कशाचा? पत्ता बदललेला, नोंदणी सापडत नाही, तारीख चुकली. माझ्या त्या खोली बदललेल्या मुलासारखी माणसं! आणि वर नेडर व त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पीटर कामेहो यांच्यावर हरकतीच्या खर्चापोटी ८१,१०२ डॉलर बसवले. विचार करा, सह्या आणल्या आणि त्या कमी भरल्या म्हणून दंड. पुढची काही वर्षं आमच्या राज्यात छोटे पक्ष कागद दाखल करायलाच घाबरत होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केरी यांनी ते राज्य १ लाख ४४ हजार मतांनी जिंकलं, म्हणजे भीतीही फुकटची होती.

गोष्ट तिथे संपत नाही. २००८ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने आरोपपत्र दाखल केलं: विधिमंडळातल्या डेमोक्रॅटिक गटाचे पगारी कर्मचारी सरकारी वेळात त्या सह्या तपासत बसले होते. करदात्यांच्या पैशाने. त्या व्यापक प्रकरणात पक्षाचे मोठे नेते माईक व्हिऑन २०१० मध्ये दोषी ठरले. पुढे छोट्या पक्षांनी केंद्रीय न्यायालयात वर्षानुवर्षं भांडून ही खर्च लादण्याची पद्धत मोडून काढली, तेव्हा कुठे आजचा ५,००० चा आकडा आला. मी ज्या पॅडवर सह्या घेतल्या ते पॅड असं मिळालेलं आहे, ताई. ते मी खाली ठेवायचं?

नेवाडाचंही सांगते. २०२४ मध्ये ग्रीन पार्टीला तिथे सुमारे १०,१०० सह्या हव्या होत्या, त्यांनी त्याच्या तिपटीच्या आसपास जमवल्या. पण निवडणूक कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने त्यांना पाठवलेला नमुना अर्ज चुकीचा होता. त्यावर सह्या घेतल्या म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाव काढलं. चूक कार्यालयाची, शिक्षा मतदाराला.

गोदाकाठ_टँपा

नेवाडात अन्याय झाला, मान्य. पण ते प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात घेऊन कोण गेलं? जे सेक्युलो, ट्रम्प यांचे महाभियोगातले वकील. मी मघाशी म्हणत होते ते हेच.

सीमाभाग

मी बेळगावचा. अमेरिकेचं राजकारण मला दुरूनच माहीत, पण मतपत्रिकेवर नाव आणणं म्हणजे काय ते आम्ही जवळून पाहिलंय. १९९६ च्या लोकसभेला आमच्या मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. निवडून यायला कोण उभं होतं? सीमाप्रश्नाकडे दिल्लीने बघावं म्हणून मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. तेव्हा अनामत रक्कम ५०० रुपये. आमच्या गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून अनामत भरली होती. तिकडे नलगोंड्यात पाण्यातल्या फ्लोराइडच्या प्रश्नावर ४८० जण उभे राहिले.

मग त्याच वर्षी कायदा बदलला. अनामत दहा हजार झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले. आज पंचवीस हजार आहे. दिल्लीने आमचा प्रश्न सोडवला नाही, दार मात्र जड केलं. मंदाकिनीताईंचं म्हणणं मला त्यामुळे पटतं. वरच्यांना त्रास झाला की पहिली कात्री अर्जाच्या नियमांना लागते.

पण एक सांगतो ताई. ४५६ नावांच्या त्या मतपत्रिकेत माझ्या आईला आपलं चिन्ह सापडेना. काही मर्यादा हवीच. प्रश्न आहे तो मर्यादा कोण आखतो याचा, आणि तुमच्याकडे ती आत बसलेलेच दोघे आखतात असं दिसतंय.

पदवीधर_नाशिक

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं भांडण सह्यांवरून नाहीच, ते मोजणीच्या पद्धतीवरून आहे. आमच्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आम्ही आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनने १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. आवडता उमेदवार मागे पडला तर मत पुढच्या पसंतीला जातं, वाया जात नाही. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकही अशीच. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी अपक्ष होते, पहिल्या फेरीत त्यांना बहुमत नव्हतं, दुसऱ्या पसंतीच्या मतांवर ते निवडून आले. फ्लोरिडात ही पद्धत असती तर गोदाताईंच्या शेजारच्या मुलीला नेडर १ आणि गोर २ असं लिहिता आलं असतं.

अमेरिकेतही हे अशक्य नाही. मेन राज्याने २०१६ मध्ये जनमत कौलाने ते आणलं. २०१८ मध्ये तिथल्या एका काँग्रेसच्या जागेवर ब्रूस पोलिक्विन पहिल्या मोजणीत पुढे होते, पसंतीची मतं वळल्यावर जेरेड गोल्डन जिंकले. आणि तो कौल तरी कसा आला? नागरिकांनी सह्या गोळा करूनच. ताईंनी तोच पॅड त्या कामाला लावावा असं सुचवतो.

गोदाकाठ_टँपा

नाशिककर, हे झालं तर माझा विरोध उद्या संपेल. पण आमच्या फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदा करून पसंतीक्रमाच्या मतदानावर बंदी घातली. २०२४ मध्ये कोलोरॅडो, ओरेगॉन, आयडाहो आणि नेवाडाच्या मतदारांनी ते फेटाळलं. म्हणजे अजून बऱ्याच निवडणुका ५३७ च्या भीतीतच काढायच्या आहेत. तोवर काठावरच्या राज्यात तिसरं नाव आणणाऱ्याने आधी त्या भीतीचं उत्तर द्यावं, इतकंच माझं मागणं. माझी मुलगी आता मतदार आहे, तिच्या वाट्याला कोणतं न्यायालय आणि कोणते कायदे येतात यावर माझा जीव टांगलेला असतो.

मंदाकिनी_फिली

तुमच्या मुलीबद्दल लिहिलंत, ते मनाला लागलं. मलाही मुलगा आहे.

नाशिककर, सूचना आवडली, पण आमच्या राज्यात ती लागू होत नाही. पेनसिल्व्हेनियात नागरिकांनी सह्या करून राज्याचा कायदा मतदानाला टाकायची सोयच नाही. कायदा करायचा तर विधिमंडळाने करायचा, आणि तिथे त्याच दोन पक्षांचे लोक बसलेत. माझ्यासारखीने गोळा केलेली सही या राज्याला ज्या मोजक्या ठिकाणी मोजावी लागते, त्यांतलं एक ठिकाण म्हणजे मतपत्रिकेवरचं ते नाव. तेही सोडून दिलं तर पसंतीक्रमाची मागणी करायला विधिमंडळाच्या दारात कोणत्या जोरावर उभी राहू?

गोदाताई, तुमच्या भीतीचं पुरतं उत्तर माझ्याकडे आज नाही. एक मात्र करीन. पुढच्या वेळी टेबलावर दोन कागद ठेवीन: एक उमेदवारीचा, दुसरा आमच्या आमदाराला पसंतीक्रमासाठी लिहायच्या पत्राचा. दुसऱ्याला कायद्याने किंमत नाही हे सही करणाऱ्याला आधी सांगून. त्या पत्राचा मजकूर लिहायला तुमची मदत हवी आहे. ५३७ ची गोष्ट तुमच्याइतकी नीट मला सांगता यायची नाही.

गोदाकाठ_टँपा

पत्र मी लिहिते. पहिल्या कागदाबद्दलचं मत बदललेलं नाही. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते.