कीलचे बोल्ट: सीलंट भरून भागेल की कील उतरवायचीच?

मांडवीकाठ: ऐंशीच्या दशकातली फायबरची शिडाची बोट, कील (बोटीच्या तळाखालचं वजनदार पातं) ओतीव लोखंडाची, त्यात 20 मिमीचे स्टेनलेस स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट. कील आणि बोटीच्या सांध्यातून लाल ओघळ येतोय, आतले नट मात्र चकचकीत. माझं मत: सांधा खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरावं, नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि पाऊस सरला की बोट पाण्यात सोडावी. कील उतरवणं म्हणजे क्रेनचं भाडं आणि नसती आफत.

बिल्जातला बेडूक: चकचकीत नट काही सांगत नाही. स्टेनलेस टिकतं ते वरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे. सांध्यात खारं पाणी कोंडलं की ऑक्सिजन संपतो, थर फुटतो आणि बोल्ट तिथेच कमरेत झिजतो. 20 चा 14 मिमी झाला तर छेदाचं क्षेत्रफळ 314 वरून 154 चौरस मिमीवर येतो. बाहेरून सीलंट भरलं तर तेच पाणी आत मुरणार!

झुआरीवाला: ओघळ नुसत्या कीलच्या लोखंडाचाही असू शकतो. बोट जमिनीवर आपल्या कीलवर, नीट टेकूंसह उभी असेल तर एकेक स्टड काढता येतो. बिल्जचं (बोटीच्या आतल्या तळाचं) पाणी ज्याच्याभोवती साचतं तो आधी काढा. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग दोन नट एकमेकांवर आवळून फिरवा. गॅसची ज्योत नको, फायबर जळेल.

मांडवीकाठ: आणि तुटला तर?

बिल्जातला बेडूक: मग कील उतरवाच. यार्डात तुटलेला परवडला, मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या रेतीवर आपटून तुटलेला नाही. नवे स्टड 316 प्रतीच्या स्टेनलेसचे, नटांखाली जाड पट्टी. ओलं सीलंट असताना निम्म्या टॉर्कवर, मधून टोकांकडे आवळत जा. सुकल्यावर पूर्ण टॉर्क. टॉर्कचा आकडा बोट बनवणाऱ्याचाच घ्या.

झुआरीवाला: सगळं पटलं, फक्त हे जुलैत नको. पॉलियुरेथेन दमट हवेत उलट लवकर सुकतं, पण ओल्या पृष्ठभागाला धरत नाही. डोलकाठीच्या बुडातून पावसाचं पाणी बिल्जात उतरतं, ते आधी थांबवा.

मांडवीकाठ: एक स्टड काढून बघायला हरकत नाही. तो सरळ निघाला तर कीलला हात लावू नये, हे मत कायम.

बिल्जातला बेडूक: एक नको, तीन काढा. शेजारचे दोन बोल्टसुद्धा सारखे झिजत नाहीत.